नफा गल्ल्यात, ओशट गटारात!

२०१९ सालच्या जून महिन्यात गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात, डभोईजवळच्या एका हॉटेलच्या सांडपाण्याच्या टाकीत सात माणसे गुदमरून मेली. चौघे टाकी उपसण्यासाठी बोलावलेले सफाई कामगार होते. तिघे त्याच हॉटेलचे नोकर. अशा मृत्यूंना ‘दुर्घटना’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वीज पडून माणूस मेला तर ती दुर्घटना. परंतु ज्या टाकीत विषारी वायू साठतो हे शास्त्र सांगते आणि ज्या टाकीत माणसाला असुरक्षित उतरवू नये हे कायदा सांगतो, तिथे त्याला उतरवून मारणे म्हणजे दुर्घटना नव्हे. तो निव्वळ निष्काळजीपणाचा बळी होय!

मुळात माणसाला खाली उतरवण्याची वेळ येतेच का? टाक्या वेळेवर यंत्राने उपसल्या जात नाहीत आणि वाहिन्या तुंबतात, म्हणून. वाहिन्या तुंबवण्यात उपाहारगृहे, खानावळी आणि मंगल कार्यालयांच्या भटारखान्यांतून वाहणाऱ्या ओशटाचा वाटा मोठा आहे. कढईतले तेल, रश्शावरचा तवंग, ताटांना चिकटलेले तूप गरम पाण्याबरोबर मोरीतून सहज निघून जाते. पुढे पाणी निवते, तेल गोठते, वाहिनीच्या भिंतीला थरावर थर बसतात. सांडपाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा साबणासारखा टणक गोळा बनतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात सापडलेला असा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. समृद्ध देशाच्या राजधानीची ही गत, तर आपल्या जुन्या, अरुंद वाहिन्यांची काय कथा!

यावरचा उपाय कोणत्याही प्रगत प्रयोगशाळेतून यावयाचा नाही. ग्रीज ट्रॅप ही एक साधी आडभिंतींची पेटी. भटारखान्याचे पाणी तीत संथावते, निवते. हलके तेल वर तरंगते, जड खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी आडभिंतीखालून पुढे जाते. मात्र ही पेटी स्वतःहून स्वच्छ होत नाही. वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून पेटीच्या खोलीचा चौथा हिस्सा व्यापला की ती रिकामी केलीच पाहिजे, हा रूढ नियम आहे. तो मोडला की पेटी नावापुरती उरते आणि तेल सरळ पुढे जाते. पेटीत उकळते पाणी आणि साबणाचे द्रावण ओतून ‘सफाई’ उरकणारे तर स्वतःचीच फसवणूक करतात; विरघळल्यासारखे दिसणारे ते तेल पुढच्या वळणावर पुन्हा गोठते.

तुंबलेल्या मैल्यात प्राणवायू नसतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. प्रारंभी त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. मात्रा वाढली की घ्राणशक्तीच बधिर होते. ज्याला धोका जाणवावा त्यालाच तो जाणवेनासा होतो, आणि एकामागोमाग वाचवायला उतरलेले दुसरे-तिसरेही त्यात पडतात.

‘आम्ही कर भरतो, पुढचे पालिकेने पाहावे,’ हा व्यावसायिकांचा ठरलेला युक्तिवाद. तो टिकणारा नाही. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार सार्वजनिक मलवाहिनीत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ओशट दर लिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. कर भरल्याने ही मर्यादा ओलांडण्याचा परवाना मिळत नाही. ‘लहान धंद्याला परवडत नाही,’ हा दुसरा युक्तिवाद. ताटे-भांडी धुण्यापूर्वी खरकटे पुसून वेगळे काढणे आणि वापरलेले तेल मोरीत न ओतता साठवणे, यास असा काय खर्च येतो? अशा तेलापासून जैवइंधन बनवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालीच योजना आखली आहे. परवडत नाही ते सफाईचे काम नव्हे. परवडत नाही ती शिस्त!

पालिकांनाही निर्दोष ठरवता येणार नाही. परवाना देताना नकाशावर दाखवलेली पेटी पुढे खरोखर उपसली जाते का, हे झाकण उघडून पाहिल्याशिवाय कसे कळणार?

कायद्याची उणीव नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना कोणालाही गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे बंधन केवळ पालिकेवर नाही. थेट वा कंत्राटदारामार्फत काम देणाऱ्या कोणाही व्यक्तीवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. परंतु भरपाईने घरचा कर्ता परत येत नाही. टाकीत उतरणारा हा माणूस बहुधा कोणत्या वस्तीतला असतो, हे सांगण्याची गरज आहे काय? ज्या समाजाने शतकानुशतके त्याच्या माथी मैला मारला, त्या समाजाने समरसतेवर बोलण्यापूर्वी आपल्या मोरीचे तोंड पाहावे. गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालणे सोपे. त्यांचा खराटा हाती धरणे कठीण!

म्हणून प्रश्न केवळ हॉटेलमालकांना नाही. लग्नासाठी कार्यालय ठरवताना आपण भोजनाचा दर, वाहनतळ, सजावट सारे विचारतो. आणखी तीन गोष्टी विचारू या: ग्रीज ट्रॅप आहे काय? तो शेवटचा कधी उपसला, याची नोंदवही दाखवाल काय? टाकी यंत्राने उपसता की माणूस उतरवता? वसतिगृहे, उत्सव मंडळे आणि महाप्रसादाच्या पाकशाळा चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तर हे प्रश्न प्रथम स्वतःला विचारावेत. ज्या पंगतीचे खरकटे कोणाच्या तरी जिवावर उठते, त्या पंगतीत पुण्य कसले?