पँथरचा फोटो पुरे, जाहीरनामा वाचा!

कबनूरमध्ये साध्या मागावर काम केलेल्या जुन्या कामगाराला धोट्याची गोष्ट सांगावी लागत नाही. कांडी संपली की नवी भरायची आणि धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. मुंबईच्या कापड गिरण्यांत याच एका कृतीवरून माणसं बाहेर ठेवली गेली. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा पुढचा कामगार तोंडाला लावणार नाही, म्हणून विणाई खातं अस्पृश्यांना बंद होतं. जास्त मजुरी त्याच खात्यात मिळायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात कम्युनिस्ट पुढाऱ्यांना विचारलं, की कामगारांच्या एकीत हा प्रश्न कुठे बसतो?

हा प्रश्न पुढे दलित पँथरने हातात घेतला आणि त्याच्यावरच ती संघटना फुटली. तिची झेप घेणारी आकृती आज आंबेडकर जयंतीच्या फलकांवर दिसते. तिचं म्हणणं मात्र पोरांच्या कानावर जात नाही, म्हणून हे पत्रक.

१९७२ चा उन्हाळा. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांना विवस्त्र करण्यात आलं. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर गावाने बहिष्कार टाकला. देशभरातल्या अशा अत्याचारांची नोंद करणारा इलयापेरुमल समितीचा अहवाल १९६९ मध्येच सरकारकडे गेला होता. त्यावर हालचाल नव्हती आणि रिपब्लिकन पक्ष गटातटांत विखुरलेला होता. २९ मे १९७२ रोजी मुंबईत नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार या दोन तरुण कवींनी ठरवलं, की आता रस्त्यावर उतरायचं. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या तरुणांचं. १९६६ मध्ये ऑकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला होता.

ही पोरं कुठल्या मोठ्या घरची नव्हती. ढसाळ टॅक्सी चालवत. त्यांच्यात सामील झालेले राजा ढाले सांगलीजवळच्या नांद्रे गावचे, तर अरुण कांबळे आटपाडीकडच्या करगणीचे. म्हणजे मुंबई हादरवणाऱ्यांतले काही जण कबनूरच्या शेजारच्याच मातीतून गेले होते. वस्त्यावस्त्यांत छावण्या उभ्या राहिल्या. अत्याचाराची बातमी आली की थेट त्या गावात जायचं, पीडितांच्या घरी बसायचं आणि अधिकाऱ्याला जाब विचारायचा, ही त्यांची पद्धत. अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले, तेव्हा १९७४ मध्ये पँथरांनी ते प्रकरण थेट पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेलं.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांनी काळ्या स्वातंत्र्यदिनावर लेख लिहिला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड तीनशे रुपये आणि दलित बाईच्या लुगड्याला हात घातला तर पन्नास, हा हिशोब त्यांनी महाराष्ट्रापुढे ठेवला. ओरड झाली ती त्यांच्या भाषेबद्दल. पन्नास रुपयांबद्दल फार थोडे बोलले.

पँथर म्हणजे दंगेखोर, असं आजही सांगितलं जातं. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीच्या मैदानात त्यांची सभा होती. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक त्यांनी दिली होती. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि वरळी पेटली. त्याच्या निषेधाचा मोर्चा १० जानेवारीला निघाला, तेव्हा वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता जागीच गेला. पँथरांची भाषा जहाल होती, यात शंका नाही. पण त्यांना दंगेखोर म्हणणाऱ्यांनी त्या मोर्चात कोण मेलं, हेही सांगावं.

आता जाहीरनाम्याकडे येऊ. १९७३ च्या त्या मजकुरात दलित म्हणजे फक्त एक जात नव्हे. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या किंवा पैशाच्या नावाने पिळले जाणारे सगळेच त्यात येतात. याच व्याख्येवरून वाद पेटला. ढसाळांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला आणि १९७४ संपण्याआधी त्यांना संघटनेबाहेर काढण्यात आलं. ७ मार्च १९७७ ला ढाले आणि पवार यांनी पँथर बरखास्त केली. बुद्ध की मार्क्स, या भांडणात धाकलीसारख्या गावांत धावून जाणारे हात एकमेकांपासून तुटले.

ती निवड करायची गरजच नव्हती. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू एका दमात सांगितले होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांबरोबर उतरले. स्वतःचा पक्ष राखून आणि धोट्याचा प्रश्न न सोडता उतरले.

कबनूर आणि इचलकरंजीत आजही जात आणि मजुरीचा हा गुंता सुटलेला नाही. पिकाच्या हिशोबाने मीटरवर मजुरी घेणारा मागवाला, कांडीवाली बाई, वहिफणी आणि सायझिंगचा कामगार, ऊसतोडीला जाणारं कुटुंब, सगळे जाहीरनाम्यातल्या त्या व्याख्येत बसतात. मजुरीवाढीच्या मोर्चात ते खांद्याला खांदा लावून चालतात आणि संध्याकाळी जातीप्रमाणे आपापल्या गल्लीत वेगळे होतात. निवडणुकीतली बेरीज त्या गल्ल्यांचीच होते. मालक आणि पुढारी दोघांनाही हे सोयीचं आहे.

याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब आणि राजर्षी शाहू महाराजांनी तिथेच त्यांना पुढारी म्हणून पुढे केलं. त्या मातीतल्या तरुणांकडे या पत्रकाच्या तीन मागण्या आहेत.

एक, येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने पँथरचा जाहीरनामा चौकात मोठ्याने वाचावा, एका फलकाच्या खर्चात त्याच्या प्रती काढाव्यात.

दोन, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. त्या बैठकीत काय ठरलं, हे कबनूरच्या ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा ठराव तरुणांनी मांडावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानेच बंधनकारक आहेत.

तीन, मजुरीच्या प्रत्येक मागणीपत्रात कांडीवाल्या बायांची मजुरी आणि कामाच्या जागी होणारा जातीवरचा अपमान, ही दोन कलमं आधी यावीत. शेवटच्या पानावर नकोत.

वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या मागावरच्या माणसाला द्यावं. ज्याला वाचता येत नाही, त्याला पाळी सुटल्यावर वाचून दाखवावं.