लहान फ्रीज, पण जागच्या जागी



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या आईला मधुमेह आहे. रोज इन्शुलिन घ्यावे लागते. तालुक्याहून महिन्याच्या बाटल्या आणल्या आणि ‘औषध जितके गार तितके चांगले’ अशा समजुतीने मी त्या बर्फाच्या कप्प्याला अगदी खेटून ठेवल्या. आठवडाभरात आईची साखर वाढली. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, आतल्या गुठळ्या दाखवल्या आणि विचारले, “ही गोठली होती का हो?” मी मान खाली घातली. बियाणे कसे साठवावे हे गावोगाव सांगत फिरणारा मी, पण घरच्या फ्रीजमध्ये कुठे किती गारवा असतो हे काही कधी पाहिले नव्हते!

एका दाराच्या लहान फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा वर असतो. त्याच्या लगेच खाली सर्वांत जास्त गारवा, तळाच्या भाजीच्या खणात कमी आणि दारात सर्वांत कमी. म्हणून दूध व साय वरच्या फळीवर, शिजवलेले अन्न मधल्या फळीवर, पालेभाजी तळाच्या खणात आणि चटण्या, लोणची, पाण्याच्या बाटल्या दारात ठेवाव्या. न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. ते डबीत घालून मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवा. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी वापरू नये. थंडीच्या दिवसांत गारव्याचे बटणही कमी करावे.

दुसरी गोष्ट, नको ते आत कोंबू नका. कांदे, बटाटे व केळी यांना फ्रीज मानवत नाही. गारव्याने बटाटा गोडसर होतो, केळीची साल काळी पडते. कोथिंबिरीची मुळे कापा, ती न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा, म्हणजे बरेच दिवस टिकते. बाकी भाजीसाठी परसात शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो शोधून काढला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साधारण तीन इंच जागा, तीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचे आणि वर गवताचे झाकण. सावलीत बांधला तर विजेविना भाजी ताजी राहते आणि फ्रीजमधली जागा दुधाला मोकळी होते.

दूध तापवून लगेच आत ठेवू नका. पातेले परातीतल्या पाण्यात ठेवून आधी निववा. गरम भांड्याची वाफ आत बर्फ होऊन बसते. बर्फाचा थर पाव इंच झाला की फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडले की गॅस जातो आणि दुरुस्तीचा भुर्दंड बसतो.

फ्रीज चुलीजवळ किंवा उन्हात नको. मागे हवा खेळेल एवढी जागा सोडा. दाराच्या रबरात एक नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झाले असे समजा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद दाराआड साधारण चार तास अन्न बिघडत नाही. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर गारवा जास्त टिकतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल तर दूध व कालवण वास घेऊन ठरवू नका. रोगजंतूंना नेहमीच वास येतो असे नाही.

आणि एक हात जोडून सांगणे. उरलेले कीटकनाशक फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका, बाटली कितीही घट्ट असो. लेकरू तहानेने आधी दारातल्या बाटलीलाच हात घालते.

आमच्या फ्रीजमध्ये आता मधल्या फळीवर एक पांढरी डबी असते. सौभाग्यवतींनी तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे – ‘आईंचे औषध. जागा बदलू नये.’ हा टोमणा कोणाला आहे, हे मला चांगले कळते!