अमेरिकेची खुर्ची आणि अमेरिकेची महागाई

निर्यातीचा माल करणारे दोन कारखानदार एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेचा हा राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून येणार की जाणार? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के आयात शुल्क बसवले. मुरादाबादचे पितळकाम, भदोहीचे गालिचे, कानपूरचे चामडे, अंधेरीच्या सीप्झमधले दागिने या सगळ्या धंद्यांना त्याची झळ लागली. त्यामुळे हा प्रश्न केवळ राजकारणाच्या गप्पांचा राहिला नाही. "माणूस बदलला की ऑर्डर परत येईल" या आशेवर काहींनी माल धरून ठेवला, तर काहींनी कारागिरांना थांबवून ठेवले.

डोनाल्ड ट्रम्प यांच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. १९५१ साली मंजूर झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणत्याही व्यक्तीला राष्ट्राध्यक्षपदी दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर हे कुंपण घातले गेले. ट्रम्प २०१६ आणि २०२४ असे दोनदा निवडून आले आहेत. पण मूळ प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. खुर्चीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा उभा राहिला तर त्याची बाजू किती भक्कम असते? हा प्रश्न यापुढेही येत राहील आणि आपले व्यापारी बांधव त्यावर आपापले अंदाज बांधत राहतील. म्हणून मागची खतावणी उघडून पाहणे बरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर २०२४ पर्यंत १२ वेळा सत्तारूढ राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणुकीला उभे राहिले. त्यांपैकी ८ जिंकले आणि ४ हरले. हरले ते १९७६ चे जेराल्ड फोर्ड, १९८० चे जिमी कार्टर, १९९२ चे थोरले जॉर्ज बुश आणि २०२० चे ट्रम्प. फोर्ड तर कधी निवडून आलेलेच नव्हते, निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे ते त्या जागी आले होते. ट्रुमन यांनी १९५२ मध्ये, लिंडन जॉन्सन यांनी १९६८ मध्ये आणि जो बायडेन यांनी २०२४ मध्ये वारे पाहून आधीच माघार घेतली. हे तिघे पराभूतांच्या यादीत येत नाहीत, पण हिशेब करताना त्यांना विसरूनही चालणार नाही. त्यांना धरले की "खुर्चीवरचा माणूस सहसा जिंकतो" ही म्हण बरीच ढिली पडते.

या चौघांना कशाने पाडले? आपल्याकडे याचे उत्तर परराष्ट्र धोरणात शोधायची सवय आहे. युद्ध, इराण, इस्रायल, रशिया ही नावे आपल्या कानावर सतत पडतात, त्यामुळे अमेरिकन मतदारही त्यांवरच मत देत असेल असे आपल्याला वाटते. माझे मत वेगळे आहे. अमेरिकन मतदार बहुतेक वेळा आपल्या घरखर्चाकडे पाहून मत देतो आणि त्यातही महागाई त्याला सर्वांत जास्त टोचते.

थोरल्या बुश यांचे उदाहरण पाहा. मार्च १९९१ च्या सुरुवातीला, कुवेतचे युद्ध जिंकल्याबरोबर, गॅलप संस्थेच्या पाहणीत ८९ टक्के अमेरिकन लोक त्यांच्या कारभारावर खूष होते. डेमोक्रॅटिक पक्षातले अनेक मोठे नेते त्यांच्याविरुद्ध उभे राहायलाच तयार नव्हते. तेव्हा जर कोणी पैज लावली असती की हा माणूस वीस महिन्यांनी हरेल, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. नोव्हेंबर १९९२ मध्ये बुश यांना जेमतेम साडेसदतीस टक्के मते मिळाली. आर्कान्सासारख्या लहान राज्याचे गव्हर्नर बिल क्लिंटन ४३ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. उरलेली सुमारे १९ टक्के मते टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो यांनी नेली.

यातली खरी गंमत पुढेच आहे. बुश यांच्या काळातील मंदी जुलै १९९० मध्ये सुरू झाली आणि मार्च १९९१ मध्ये संपलीसुद्धा. म्हणजे मतदानाच्या दीड वर्ष आधी. पण तेथे मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे अधिकृतपणे ठरवणारी अर्थतज्ज्ञांची एक समिती आहे. तिने "मंदी मार्च १९९१ मध्ये संपली" हे जाहीर केले ते डिसेंबर १९९२ मध्ये, बुश हरल्यानंतर सात आठवड्यांनी! अर्थात समितीने ते आधी सांगितले असते तरी फार फरक पडला असता असे मला वाटत नाही. कागदावर मंदी संपली होती, पण कामगाराच्या हाताला काम मिळत नव्हते. बेरोजगारी उलट वाढत गेली आणि जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर पोहोचली. घाऊक बाजार सुधारला तरी कारागिराच्या हातात मजुरी उशिरा येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. क्लिंटन यांच्या प्रचाराचे मुख्य रणनीतिकार जेम्स कारव्हिल यांनी लिटल रॉकच्या कार्यालयात फलक लावून कार्यकर्त्यांना बजावले होते की मुद्दा अर्थव्यवस्थेचाच आहे, दुसरीकडे भरकटू नका. कुवेतचा विजय त्या फलकापुढे टिकला नाही.

आता उलट उदाहरण. ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी ७.४ टक्के होती, म्हणजे बुश हरले त्या वेळेच्या जवळपास तेवढीच. तरीही रोनाल्ड रेगन ५० पैकी ४९ राज्ये जिंकले. आकडा जवळपास सारखा आणि निकाल मात्र उलटा, हे कसे? कारण १९८२ च्या अखेरीस तीच बेरोजगारी १०.८ टक्के होती. त्या वर्षी रेगन यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या २६ जागा घालवल्या होत्या. पण नंतर दोन वर्षे बेरोजगारी उतरत गेली, धंदा चढत गेला आणि महागाई ४ टक्क्यांच्या आसपास आली. मतदार आकड्याची उंची पाहत नाही, तो आकडा कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहतो. उतरती उधारी असलेले दुकान आणि चढती उधारी असलेले दुकान यांत जो फरक, तोच हा.

रेगन यांच्या आधीचे कार्टर मात्र दोन्हीकडून मार खाऊन गेले. १९८० साली सरासरी महागाई साडेतेरा टक्के होती आणि त्या वसंतात बँकांचा व्याजदर २० टक्क्यांवर गेला होता. घर किंवा मोटार कर्जावर घेणाऱ्या माणसाचे कंबरडे मोडले. तेहरानमधील अमेरिकन ओलिसांचे प्रकरण ४४४ दिवस चालले आणि त्यानेही कार्टर यांचे नुकसान केलेच. पण त्या ऑक्टोबरमध्ये वादसभेत रेगन यांनी मतदारांना विचारलेला प्रश्न इराणचा नव्हता. चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमची स्थिती बरी आहे का, एवढेच त्यांनी विचारले. कार्टर सहा राज्यांवर आटोपले. ज्या पॉल व्होल्कर यांच्या कडू औषधाने महागाई पुढे उतरली, त्यांना मध्यवर्ती बँकेवर नेमणारे कार्टरच होते. औषधाचा कडवटपणा कार्टर यांच्या वाट्याला आला आणि गुण रेगन यांच्या.

मग हुशार राष्ट्राध्यक्ष कडू औषध पहिल्या दोन वर्षांत पाजून चौथ्या वर्षी खडीसाखर का वाटत नाही? प्रयत्न झालेले आहेत. रिचर्ड निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी पगार आणि किमती यांवर ९० दिवसांची बंदी घातली आणि त्याच दिवशी परकीय सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. मध्यवर्ती बँकेने पैसा सैल सोडावा म्हणून तिचे प्रमुख आर्थर बर्न्स यांच्यावर त्यांनी कसा दबाव आणला, हे त्यांच्याच कचेरीतील ध्वनिफितींवरून पुढे उघड झाले. १९७२ मध्ये ते ४९ राज्ये जिंकले. दाबून ठेवलेली महागाई मग उसळून आली आणि तेलाच्या भाववाढीची त्यात भर पडून १९७४ मध्ये सरासरी ११ टक्क्यांवर गेली. खुर्ची राखली, पण तिचे बिल देशाने भरले.

२०२० आणि २०२४ या निवडणुकांचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती. अशा वर्षात ट्रम्प यांचा पार धुव्वा उडायला हवा होता. तसे झाले नाही. त्यांना सुमारे ७ कोटी ४० लाख मते मिळाली. जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून अवघी सुमारे ४३ हजार मते त्यांना अधिक मिळाली असती, तर निकाल बरोबरीवर आला असता. तेथे देशभरातल्या मतांची बेरीज निर्णायक नसते. ५३८ प्रतिनिधींपैकी २७० कोणाकडे जातात यावर खुर्ची ठरते आणि ते प्रतिनिधी राज्यवार वाटलेले असतात. म्हणून अटीतटीच्या लढतीत कोणताही अंदाज कच्चाच समजावा.

बायडेन यांच्या काळात महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेली. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ती २.६ टक्क्यांवर आली होती आणि बेरोजगारीही ४.१ टक्केच होती. अर्थतज्ज्ञ म्हणत होते, सगळे सुरळीत आहे, लोक उगाच कुरकुरतात. पण महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे होत नाही. त्या चार वर्षांत एकूण भाव सुमारे २० टक्क्यांनी वर गेले होते आणि ते तिथेच थांबले. ग्राहक दर पाहत नाही, तो पावती पाहतो. २१ जुलै २०२४ रोजी बायडेन यांनी माघार घेतली. त्यात त्यांच्या वयाचा भाग मोठा होता, हे मान्य. पण त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिसही अटीतटीची सातही राज्ये हरल्या.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गाझाच्या प्रश्नावर मिशिगनमधील मुस्लिम आणि अरब मतदारांनी सत्तारूढ पक्षाला पाडले, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्यांचा राग खरा होता. फेब्रुवारी २०२४ च्या पक्षांतर्गत मतदानात तेथे एक लाखाहून अधिक लोकांनी बायडेन यांच्याऐवजी "कोणालाच नाही" अशा अर्थाचे मत दिले. पुढे हॅरिस यांनी ते राज्य सुमारे ८० हजार मतांनी गमावले. पण मिशिगन त्यांच्याकडे आले असते तरीही त्या हरल्याच असत्या, कारण पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, ॲरिझोना, नेवाडा हीही गेली होती आणि तेथे हे कारण पुरेसे ठरत नाही. आपल्या वजनाचा अंदाज घेताना तराजू सरळ धरावा.

आता धंद्याचे बोलू. राष्ट्राध्यक्ष हरला म्हणजे त्याचे शुल्कही जाते का? मागचा अनुभव तसे सांगत नाही. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये चिनी मालावर शुल्क बसवले. बायडेन आले, पण शुल्क राहिले. उलट मे २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवरील शुल्क १०० टक्के करण्याची घोषणा त्यांनीच केली. ५ जून २०१९ रोजी ट्रम्प यांनी भारताची जीएसपी ही शुल्कसवलत काढून घेतली. या योजनेचा सर्वांत मोठा लाभार्थी भारतच होता. २०२० मध्ये माणूस बदलला, पण पुढच्या चार वर्षांत ती सवलत परत मिळाली नाही. ज्यांनी तिच्या वाटेवर डोळे लावून जुन्या भावाने कच्चा माल भरून ठेवला असेल त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करता येते. तेथील कारखानदार आणि कामगार संघटना यांना एकदा मिळालेले संरक्षण कोणत्याही पक्षाला सहजासहजी काढून घेता येत नाही.

शुल्क सैल होण्याची शक्यता निर्माण होते ती दुसऱ्या कारणाने, तेथील गिऱ्हाईक भाववाढीने ओरडू लागले की. आयात शुल्क भरतो तो अमेरिकन आयातदार आणि तो ते शक्य तितके किमतीत उतरवतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये किराणा महागल्याची ओरड वाढली, तेव्हा ट्रम्प यांनीच कॉफी, केळी आणि गोमांस यांसारख्या खाद्यपदार्थांवरचे काही शुल्क काढले. चहा आणि मसालेही त्या यादीत होते. तेव्हा निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाची नव्हती, तिला तीन वर्षे अवकाश होता. तरी हात नरमला.

म्हणून अंदाजच बांधायचा असेल तर जनमत चाचण्यांपेक्षा तेथील किरकोळ भावांचा आकडा पाहावा. तो अमेरिकेचे कामगार खाते साधारणपणे दर महिन्याच्या मध्याला, वॉशिंग्टनच्या सकाळी साडेआठ वाजता जाहीर करते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. निवडणुकीच्या वर्षी मार्च ते जुलै हे पाच आकडे ओळीने लिहून ठेवावेत, कारण ऑगस्टनंतर सुधारलेला आकडा सहसा मतदाराच्या कानापर्यंत पोहोचत नाही, जसा तो १९९२ मध्ये पोहोचला नाही. आणि ऑर्डर घेताना शुल्क वाढले तर वाढीव भार कोणी सोसायचा, हे आयातदाराकडून आधीच लेखी घ्यावे, मग त्या खुर्चीवर कोणीही बसो.