नेम संपल्यावर

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं तीस दिवस रोज एक पान स्वतःच्या मनचें लिहिण्याचा नेम नुकताच तडीस नेला. त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु एकतिसाव्या दिवशीं वह्या कपाटांत गेल्या, आणि "ह्यास गुण किती?" असें पालक विचारूं लागले. ह्या प्रश्नाचें आम्हांस वाईट वाटलें.

साने गुरुजींनीं 'श्यामची आई' १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत बहुतांशीं लिहिली. कित्येकांस हा चमत्कार वाटतो. परंतु त्यापूर्वीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतां ते छात्रालयांतील मुलांकरितां हस्तलिखित दैनिक काढीत असत, हें आपण विसरतों. त्या रोजच्या लेखणीनेंच पांच दिवसांची वाट मोकळी केली, असें आमचें मत आहे. तें दैनिक परीक्षेसाठीं नव्हतें. तें वाचणारीं मुलें मात्र समोर होतीं.

तेव्हां मुलांनो, पान जड वाटल्यास चारच ओळी लिहा, पण रोज लिहा. आणि पालकहो, गुण विचारण्याऐवजीं रात्रीं जेवणें झाल्यावर त्या चार ओळी मुलांना वाचून दाखवावयास सांगा. ऐकणारा कोणी असला म्हणजे लेखणी सहसा थांबत नाहीं.