रिपोर्टमधली न वाचलेली ओळ

मुलुंड किंवा घाटकोपरच्या कोणत्याही दवाखान्यात येऊ शकेल असा एक सीबीसी रिपोर्ट समोर घ्या. बाई पंचविशीतली. हिमोग्लोबिन 11.2. लाल पेशी 58 लाख. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचे सरासरी आकारमान, 64. डॉक्टर पहिला आकडा बघतात, ‘रक्त जरा कमी आहे’ म्हणतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून देतात. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तेवढेच. मग गोळ्यांची कंपनी बदलते.

उरलेले दोन आकडे तसेच राहतात. लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि सहसा त्यांची संख्याही घटते. इथे पेशी लहान आहेत आणि संख्या मात्र भरपूर. एमसीव्हीला दशलक्षांतल्या लाल पेशींच्या संख्येने, म्हणजे 64 ला 5.8 ने भागा. उत्तर येते 11. ते 13 च्या खाली आले की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे बाई थॅलेसेमियाची वाहक असण्याची शंका घ्यायची, हे गणित 1973 पासून छापील आहे. शंका म्हणजे निदान नव्हे. लोहाची कमतरता आणि मायनर एकाच शरीरात असू शकतात. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा बघायचा आणि एचपीएलसी ही चाचणी करून हिमोग्लोबिन ए-2 मोजायचे. ते चार टक्क्यांच्या पुढे गेले की बाई वाहक आहे, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते. यासाठी नवे यंत्र नको, परदेशी किट नको. आकडे आधीच छापून आलेले आहेत, त्यांचे पैसेही भरून झालेले आहेत.

बाईला स्वतःला आजार नाही. प्रश्न नवऱ्याचा रिपोर्ट काढल्यावर उभा राहतो. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. पहिल्या खेपेला निभावले म्हणून दुसऱ्या खेपेला ती कमी होत नाही. असे मूल जन्मले, की दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातून साठणारे लोह काढायला रोज औषध द्यावे लागते. बोन मॅरो बदलता आला नाही, तर हे आयुष्यभर. बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेने या मुलांसाठी खास केंद्र उभारले आहे आणि तिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांटही होते. ते काम मोलाचे आहे. पण तिथवर पोचलेल्या प्रत्येक मुलामागे दोन सीबीसी रिपोर्ट असतात, आईचा आणि वडिलांचा. ते कधीतरी कोणाच्या तरी टेबलावरून गेलेले असतात.

देशात शंभरांत तीन-चार माणसे वाहक आहेत. हे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत ते बरेच जास्त आहे, आणि मुलुंड-घाटकोपरचा डॉक्टर याच कुटुंबांत वावरतो. मराठी घरे यातून सुटलेली आहेत असेही नाही. आता जाती-पोटजातीबाहेर लग्ने होतात, तेव्हा आडनाव पाहून तपासणी ठरवण्यात अर्थ नाही. एमसीव्ही आडनाव विचारत नाही.

आज ही तपासणी बहुधा केव्हा होते? बाई गरोदर राहून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नाव घातल्यावर. तेही अनेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. मग नवऱ्याला बोलवा, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा, मग गर्भाची चाचणी. वारेचा तुकडा घेऊन ती अकराव्या-बाराव्या आठवड्यात करता येते. आपल्याकडे बऱ्याच जोडप्यांना तोवर आपण दोघे वाहक आहोत हेच ठाऊक नसते. आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय त्यांना घड्याळाकडे बघत घ्यावा लागतो. हीच माहिती लग्नाआधी किंवा लग्नानंतर लगेच मिळाली असती, तर विचाराला काही वर्षे होती. ती वर्षे फॅमिली डॉक्टरच्या हातात असतात, तज्ज्ञाच्या नाही.

दुसरीही एक गोष्ट फक्त फॅमिली डॉक्टरच्याच हातात असते. जनुकतज्ज्ञ कागदावर वंशावळ काढतो. फॅमिली डॉक्टर तिच्यातल्या माणसांना नावानिशी ओळखतो. बाई वाहक निघाली, तर तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला निम्मी शक्यता. तिचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी लग्नाचा आहे, बहीण भांडुपला दिली आहे, मावशीचे एक मूल लहानपणीच ‘रक्ताच्या आजाराने’ गेले, हे सगळे त्याला माहीत असते. इतकी माहिती हाताशी असलेला दुसरा कोणी आपल्या आरोग्यव्यवस्थेत नाही.

या जवळिकीत धोकाही आहे आणि तो गंभीर आहे. सुनेचा रिपोर्ट सासूला सांगून बसणारे डॉक्टर आहेत. मायनर म्हणजे काय हे न समजावता ‘रक्तात दोष’ एवढेच सांगितले, तर दोष बाईवर जातो आणि नवऱ्याची तपासणी राहूनच जाते. लग्न ठरत असेल तर ते मोडतेही. कोणाचा रिपोर्ट कोणाला सांगायचा, भावंडांना कोणी कळवायचे, तिची परवानगी कशी घ्यायची, ‘मायनर हा आजार नाही’ हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हे शिकावे लागते. चांगुलपणाने किंवा अनुभवाने ते आपोआप येत नाही. म्हणूनच हे काम फॅमिली डॉक्टरच्या सवडीवर सोडता कामा नये. ती रीतसर, प्रशिक्षण घेऊन पत्करलेली जबाबदारी हवी. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला नेहमीची प्रॅक्टिस सांभाळून एखाद्या शाखेत अशी वाढीव भूमिका घेता येते, आणि जनुकशास्त्र त्यातून वगळलेले नाही.

आपल्या नियमांकडे बघा. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली 1996 मध्ये नियम झाले. जनुकीय समुपदेशन केंद्र कोणाला चालवता येईल, ते त्यांत लिहिले आहे. जनुकतज्ज्ञ चालेल. सहा महिन्यांचा अनुभव किंवा चार आठवड्यांचे प्रशिक्षण असलेला स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ चालेल. फॅमिली डॉक्टरचा उल्लेख नाही. गर्भाच्या चाचणीपुरते हे बंधन समजण्यासारखे आहे. तिथे गैरवापराचा इतिहास आहे. पण धडधाकट, गरोदर नसलेल्या माणसाला तो वाहक आहे हे समजावून सांगणे हा त्या कायद्याचा विषयच नाही. तरीही समुपदेशन हे तज्ज्ञाचे काम, ही समजूत दवाखान्यांत रुजली आहे.

त्या नियमांतला एक आकडा मात्र उचलण्यासारखा आहे. चार आठवडे. स्त्रीरोगतज्ज्ञाला तेवढे पुरतात, तर मुलुंडच्या डॉक्टरला का पुरू नयेत? परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. बोरिवलीला महापालिकेचे केंद्र आहे. शिकवणारी माणसे शहरातच आहेत. उपनगरांतल्या डॉक्टरांच्या संघटना दर महिन्याला व्याख्याने ठेवतात, ती बहुतेक औषध कंपन्यांच्या खर्चाने. वाहक शोधण्यात कोणत्याच कंपनीचे औषध खपत नाही, त्यामुळे हा विषय तिथे येत नाही. तो महापालिकेने आणावा. रविवारी-रविवारी वर्ग घेतले तरी चार आठवड्यांचे प्रशिक्षण वर्षभरात पुरे होईल आणि दवाखाना बंद ठेवावा लागणार नाही.

आणि वेळेचे पैसे द्यावेत. वाहक जोडप्याशी नीट बोलायला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात सर्दी-तापाचे पाच-सहा रुग्ण होतात, आणि बाहेर बाकावर माणसे खोळंबलेली असतात. डॉक्टरने हा अर्धा तास पदरमोड करून द्यावा, अशी अपेक्षा ठेवली तर तो मिळणार नाही. प्रशिक्षित डॉक्टरने संशयित वाहक पाठवला की महापालिकेच्या रुग्णालयात एचपीएलसी मोफत व्हावी, रिपोर्ट त्याच डॉक्टरकडे परत यावा आणि जोडप्याशी बोलण्याचे मानधन त्याला मिळावे. एका मुलाच्या एका वर्षाच्या रक्ताचा, औषधाचा आणि आईवडिलांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब पालिकेने या खर्चाशेजारी मांडून बघावा.