पाचशे चॅनेलांचा डबा

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात तीन सल्ले हमखास मिळतात. एक, गाडी जपानीच घे. दोन, क्रेडिट हिस्टरी लवकर सुरू कर. आणि तीन, "केबलबिबलच्या फंदात पडू नकोस रे, आपल्या ओळखीत एक जण आहे, त्याच्याकडून डबा घे. सगळं येतं!" पहिल्या दोन सल्ल्यांशी माझं काही भांडण नाही (मी राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात, त्यामुळे पहिला सल्ला इथे जरा हळू आवाजात द्यावा लागतो, इतकंच). भांडण आहे ते तिसऱ्याशी.

डबा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळहाताएवढी काळी पेटी. वर कंपनीचं नाव नसतं, किंवा असलं तर आपण कधी ऐकलेलं नसतं. आत अँड्रॉइड. टीव्हीच्या मागे एचडीएमआयला जोडायची, वायफायचा पासवर्ड द्यायचा, की झालं. आमच्याकडे एकदाच दोनशे-अडीचशे डॉलर मोजायचे, मग म्हणे आयुष्यभर एक पैसा नाही. मराठीतल्या झाडून सगळ्या वाहिन्या, बातम्या, क्रिकेट, परवा थेटरात लागलेला सिनेमा, झालंच तर कधीही न बघितल्या जाणाऱ्या चारशे परकीय वाहिन्या. मिळतो कुठे? वाणसामानाच्या दुकानात काउंटरच्या मागे, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. पावती मागू नये, हसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हा डबा घरात ठेवू नये. तो सुरक्षित नाही, स्वस्त नाही, आणि ज्या मराठीसाठी आपण तो घेतो असं म्हणतो त्या मराठीच्याच मुळावर तो येतो.

आधी माझ्या धंद्यातलं बोलतो. पोटासाठी मी नेटवर्कची कामं करतो. घरातला राउटर म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. बाहेरून येणाऱ्याला तो अडवतो, पण आतून कोणी बाहेर बोलायला लागलं तर तो सहसा अडवत नाही. आणि डबा तर आपण स्वतः उचलून माजघरात आणून ठेवलेला! त्याच वायफायवर आपला ऑफिसचा लॅपटॉप, बँकेचे व्यवहार, पोरांचे टॅब.

हे काल्पनिक भय नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या एका तंत्रज्ञाने ऑनलाइन विकत घेतलेला असाच एक स्वस्त डबा उघडून तपासला, तर त्यात व्हायरस आधीपासूनच घालून आलेला होता. म्हणजे तुम्ही कुठल्या चुकीच्या लिंकवर टिचकी मारायचीसुद्धा गरज नाही. जून २०२५ मध्ये एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' या नावाने जाहीर इशाराच दिला. संशयास्पद उपकरण ओळखायच्या त्यांच्या खुणा वाचल्या तर वाटेल आपल्याच ओळखीतल्याचा डबा समोर ठेवून लिहिल्यात: अनोळखी ब्रँड, 'सगळं फुकट दिसेल' अशी जाहिरात, आणि सुरू करताना गूगल प्लेची सुरक्षा बंद करायला सांगणं. पुढच्याच महिन्यात गूगलने हे जाळं चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला. गूगलच्या म्हणण्याप्रमाणे त्यात एक कोटीहून जास्त उपकरणं अडकली होती.

अशा डब्यातून होतं काय? बहुतेक वेळा तो तुमचं काहीच चोरत नाही. तो तुमचा पत्ता भाड्याने देतो! इंटरनेटवर तुमच्या घराचा एक आयपी पत्ता असतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आपला उद्योग तुमच्या डब्यातून फिरवून करतो. समोरच्याच्या नोंदीत येतो तो तुमच्या घराचा पत्ता. एच-वन वर असलेला, ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा-बारा वर्षं उभा असलेला आपला माणूस, जो स्टॉप साइनला रिकाम्या रस्त्यावरसुद्धा मनात तीन आकडे मोजतो, तो हा धोका दोनशे डॉलर देऊन घरी आणतो. मला याचं हसू येत नाही.

प्रत्येक डब्यात हे असतंच असं मी म्हणत नाही. पण तुमच्या डब्यात नाही हे तुम्हाला कोण सांगणार? ज्याने पावती दिली नाही तो?

आता पैशाचं. 'आयुष्यभर' हा शब्द ऐकला की मला विचारावंसं वाटतं, कोणाचं आयुष्य? डब्याचं? कुठेतरी कोणीतरी खऱ्या वाहिनीचं चित्र पकडतो, ते पुन्हा एन्कोड करतो आणि आपल्या सर्व्हरवरून तुम्हाला पाठवतो. त्याचा सर्व्हर बंद पडला किंवा पाडला गेला की तुमचा पडदा काळा. मग विकणारा सांगतो, "नवीन मॉडेल आलंय." आमच्याकडे अशी तीन-तीन मॉडेलं घेतलेली घरं आहेत. बेरीज कोणी करत नाही, कारण ती 'फुकट' या खात्यात लिहिलेली असते.

आणि भारत-पाकिस्तान सामन्यातच तो नेमका का गोठतो? नशीब नव्हे, गणित आहे. अधिकृत सेवा चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करते, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवते, आणि तो तुमच्या जवळच्या सर्व्हरवरून देते. इंटरनेट मंदावलं तर चित्र जरा धूसर होतं, पण चालू राहतं. चोराकडे एवढी यंत्रणा कुठली? मंगळवारी दुपारी त्याच्या सर्व्हरवर गिऱ्हाईक कमी असतं म्हणून मालिका छान दिसते. सामन्याला सगळे एकदम येतात आणि शेवटच्या षटकात गोल गोल फिरणारं चाक!

आता तुम्ही म्हणाल, "अहो, पण सरळ मार्गाने मिळतं कुठे सगळं?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. हॉटस्टारची अमेरिकेतली वेगळी सेवा २०२२ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली आणि तिथला माल हुलू, ईएसपीएन प्लस अशा ठिकाणी पांगला. आयपीएल २०२३ पासून विलोवर गेलं. नेटफ्लिक्सने मे २०२३ मध्ये इथे पासवर्ड वाटून घ्यायला बंदी केली. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून पैसे देणाऱ्यांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली, आणि त्या नको असतील तर तेव्हा महिना आणखी २.९९ डॉलर मागितले! केबलच्या जाचातून सुटायला आपण स्ट्रीमिंगकडे आलो, आणि या लोकांनी तुकड्यातुकड्याने पुन्हा केबलच उभी केली. संताप रास्तच आहे.

पण संतापाचं उत्तर डबा नाही. केबल आणि स्ट्रीमिंगमध्ये एक मोठा फरक अजून शिल्लक आहे. बहुतेक सेवांचा महिन्याचा प्लॅन हवा तेव्हा सोडता येतो, दोन वर्षांचा करार नसतो. सगळं एकाच वेळी घ्यायचा हट्टच मुळी चुकीचा. आयपीएलच्या दोन महिन्यांत क्रिकेटची सेवा घ्या, संपली की बंद करा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की मराठी मालिकांची सेवा सुरू करा (झी५ इथे जून २०२१ पासून आहे), ते परत गेले की बंद. डिसेंबरच्या सुट्टीत नेटफ्लिक्स. कॅलेंडरवर लिहून ठेवा. एका वेळी एक, फार तर दोन. आपण घरी महिन्याचा किराणा यादी करून आणणारी माणसं, टीव्हीच्या बाबतीतच सगळं दुकान घरी का हवं?

"आई-बाबांना कंटाळा येतो हो, थंडीत बाहेर पडता येत नाही." हेही खरं. मिशिगनच्या जानेवारीत पुण्याहून आलेल्या माणसाला संध्याकाळच्या मालिकेचा केवढा आधार असतो ते मी घरात पाहिलं आहे. म्हणूनच तर ती रोज नीट लागली पाहिजे. डबा बंद पडला की दुपारी दोन वाजता त्या बिचाऱ्या माऊलीने कोणाला विचारायचं? मुलगा मीटिंगमध्ये, आणि विकणारा फोन उचलत नाही.

आता शेवटचा आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा. पुण्या-मुंबईहून नाटक आलं की आपण तीस-चाळीस डॉलरचं तिकीट काढतो, उभं राहून टाळ्या वाजवतो, नटांबरोबर फोटो काढतो. आणि घरी येऊन त्याच नटांची मालिका चोरीच्या डब्यावर बघतो! कायद्याचा धाक मी घालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इथे जो कायदा झाला तो असा धंदा चालवणाऱ्यांसाठी आहे, बघणाऱ्यांसाठी नाही. तुमच्या दारात कोणी येणार नाही. मी हिशोबाचं बोलतोय. अधिकृत सेवेवर तुम्ही मराठी सिनेमा लावलात की कुठेतरी एक आकडा वाढतो: अमेरिका, मराठी, एक. डब्यावर तोच सिनेमा दहा हजार घरांनी बघितला तरी तो आकडा शून्य. उद्या कोणी ठरवायला बसलं की मराठी सिनेमाचे अमेरिकेतले हक्क घ्यायचे का, इंग्रजी सबटायटल करायचे का, तर त्याच्यासमोर हे शून्य असतं. मग आपणच दिवाळीच्या फराळावर म्हणतो, "तेलुगूला बघा किती भाव आहे, मराठीला कोणी विचारत नाही." विचारतील कसे? आपण तर हजेरीच लावलेली नाही.

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, जगभर सबटायटलसकट. इथे जन्मलेल्या, मराठी अर्धवट समजणाऱ्या आपल्या पोरांना असेच सिनेमे हवेत. डबा त्यांना सबटायटल कुठून देणार?

आता करायचं काय, तर एका शनिवारचे दोन तास काढा.

पहिलं, टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊ नका. 'मोठ्या कंपन्या तरी कुठे साधू आहेत' हा प्रश्न योग्यच आहे. व्हिझिओने एक कोटी दहा लाख टीव्हींवरून लोक काय बघतात याची माहिती न विचारता गोळा केली आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पण फरक बघा, दंड करायला तिथे पत्ता तरी होता. डबेवाल्याचा पत्ता सांगा पाहू? (आपल्या मुंबईच्या खऱ्या डबेवाल्यांची क्षमा मागून.)

दुसरं, नावाजलेल्या कंपनीची वेगळी छोटी पेटी किंवा काडी घ्या. रोकू, फायर टीव्ही, गूगल, ॲपल, खिशाप्रमाणे. रोकू आणि फायर टीव्ही स्वस्त, पण मुख्य पडद्यावर जाहिराती भरपूर. ॲपल महाग, पण त्या मानाने शांत. घेताना मेमरीपेक्षा अपडेट किती वर्षं मिळतील ते बघा. मार्च २०२५ मध्ये जुने क्रोमकास्ट एक सर्टिफिकेट संपलं म्हणून जगभर एकदम बंद पडले. तेव्हा गूगलने थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठवली, कारण पाठवणारं कोणीतरी होतं.

तिसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा, म्हणजे एकाच रिमोटने टीव्ही आणि पेटी दोन्ही चालतात. आई-बाबांसाठी याच्याइतकी मोठी सोय नाही.

चौथं, छपराखाली एक साधा अँटेना लावा. एकदाच तीस-चाळीस डॉलर, आणि शहराजवळ राहत असाल तर एनबीसी, सीबीएस, एबीसी, फॉक्स, पीबीएस हवेतून फुकट, तेही एचडी. २००९ च्या जूनमध्ये इथलं प्रक्षेपण डिजिटल झालं तेव्हापासून हे खरंखुरं 'आयुष्यभर फुकट' आपल्या डोक्यावरून जातंय.

पाचवं, यूट्यूबवर वाहिन्यांचे आणि निर्मात्यांचे अधिकृत चॅनेल शोधून आई-बाबांच्या खात्यात जमवून द्या. भाडिपासारख्या मंडळींचं काम २०१६ पासून तिथे फुकट आहे, आणि तिथे तुमची हजेरी लागते.

आणि सहावं, डबा. तो काढा, वायफायचा पासवर्ड बदला, आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका. वसुलीसाठी क्रेगलिस्टवर विकायचा मोह होईल, तोही आवरा. आमच्याकडे बेस्ट बायमध्ये जुनी इलेक्ट्रॉनिक्स रिसायकलिंगला घेतात, तिथे द्या.

नवीन आलेल्याला यापुढे तिसरा सल्ला द्यायची वेळ आली की एवढंच सांगा: "डबा फक्त पोळी-भाजीचा घे."