गृहमातेचा पगार
३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. त्या भूकंपानंतर निराधार मुलांसाठी लातूरला एसओएस बालग्राम उभं राहिलं. एका घरात काही मुलं आणि त्यांची एक आई, ही तिथली रीत. त्याच्या कितीतरी आधी, १८९६-९७च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी आसरा दिला आणि केडगावला मुक्ती सदन वसवलं. ख्रिस्ती श्रद्धेवर उभं राहिलेलं ते घर अजून चालू आहे. नांदेड-लातूरकडच्या लहान बालगृहांनाही देणगीदार भेटतात, पण पैसा सहसा मुलाच्या नावाने येतो: वह्या, गणवेश, वाढदिवसाचं गोडधोड जेवण. तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी रात्र काढणाऱ्या, ओलं झालेलं अंथरूण न रागावता बदलणाऱ्या, ऊसतोडीला गेलेल्या आईसाठी रडणाऱ्याला कुशीत घेणाऱ्या गृहमातेचा पगार कोण देतं? आणि तिच्या जोडीने राबणाऱ्या गृहपित्याचा? पगार तुटपुंजा असला, सुट्टी नावापुरतीच मिळाली, की चांगली माणसंही नाइलाजाने सोडून जातात. आणि आधीच आईबापांना दुरावलेलं पोर आणखी एक हक्काचं माणूस गमावतं. नव्या बाईवर विश्वास टाकायला मग त्याला महिनोन्महिने लागतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, संस्थेची नोंदणी २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली आहे ना, हे आधी विचारा, आणि मग एका गृहमातेच्या पगाराचा वाटा दरमहा, निदान तीन वर्षं उचला. तिचा आरोग्य विमा आणि भविष्य निर्वाह निधीही त्यात धरा.